वाचक विचारतात : लेओ ४५, एक फ्रेंच बॉम्बर आणि वाया गेलेली तीन वर्षं

मागच्या अंकात राफेलवर एक प्रश्न आला होता, त्याच्या उत्तरात मी एक ओळ लिहून गेलो की १९३७ साली फ्रान्सने जगातल्या सगळ्यात वेगवान बॉम्बर विमानांपैकी एक उडवून दाखवलं होतं पण लढाई आली तेव्हा ते पुरेसं हातात नव्हतं. त्या एका ओळीवर एवढी पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज आले, रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत, की या वेळचा पूर्ण सदर त्यालाच देतोय. बाकीचे प्रश्न (सोलर पंपाचे दोन आणि वीज कोसळण्याबद्दलचे बरेच) पुढच्या अंकात घेईन, राग मानू नका.

काका, राफेल बनवणारा देश १९४० मध्ये सहा आठवड्यांत हरला कसा? त्यांच्याकडची विमानं जुनाट होती असं यूट्यूबवर सगळे सांगतात. खरं आहे का? – गुहागर, बी.एस्सी. दुसरं वर्ष

अर्धं खरं आहे. जुनाट विमानं होती, भरपूर होती, पण शेजारी एकदम नवी विमानं पण होती आणि ती चांगली होती. दोन्ही एकाच वेळी कशी, ते समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल.

पहिल्या महायुद्धानंतर इटलीचा जनरल दुए याने १९२१ मध्ये मांडलं की पुढची लढाई आकाशातून जिंकली जाणार, बॉम्बर विमानांच्या झुंडी शत्रूच्या शहरांवर सोडायच्या, बस. युरोपभर यावर चर्चा झाली, फ्रान्समध्ये पण. पण फ्रान्सचं हवाईदल तेव्हा लष्कराच्याच ताब्यात होतं, ते वेगळं झालं १९३३-३४ मध्ये (आपलं हवाईदल ८ ऑक्टोबर १९३२ चं, म्हणजे स्थापनेच्या तारखेने आपण त्यांच्या थोडं आधीचेच). लष्कराला टेहळणी हवी होती, हवाईदलवाल्यांना बॉम्बर हवे होते, पैसा कमी, मग तोडगा काय काढला तर एकच विमान जे बॉम्ब टाकेल, टेहळणी करेल आणि वेळ आली तर आकाशात लढेल पण. तीन कामं एका विमानावर लादली की ते तिन्ही कामांत मध्यम होतं, आणि तसंच झालं. त्या काळातलं आमियो १४३ बघ, त्याची मागणी १९२८ ची, पहिला नमुना उडाला १९३१ मध्ये, हवाईदलात यायला १९३५ उजाडलं, एकूण १३८ बनली. पंख इतका जाड की उडत्या विमानात माणूस आतून सरपटत इंजिनापर्यंत जाऊ शकायचा. चाकं बाहेरच लटकलेली, वेग ताशी ३१० किलोमीटरच्या आसपास. १९३१ मध्ये ठीक होतं हे, पण १४ मे १९४० ला हेच विमान दिवसाढवळ्या फ्रान्समधल्या सेडानच्या पुलांवर, जिथून जर्मन फौज आत येत होती, पाठवलं आणि व्हायचं ते झालं. त्या वैमानिकांबद्दल मला फार वाईट वाटतं, त्यांना माहीत होतं आपण कशात बसून चाललोय.

आणि राफेलचा धागा इथेच आहे. त्याच काळात मार्सेल ब्लॉक नावाचा उद्योजक ब्लॉक २०० आणि २१० ही बॉम्बर विमानं बनवत होता, तीही अशीच ठोकळेबाज. जर्मनांनी पुढे त्याला बुखेनवाल्डच्या छळछावणीत टाकलं, तो वाचला, युद्धानंतर आडनाव बदलून दासो झाला आणि त्याच्याच कंपनीची तूफानी, मिस्टेर, मिराज आणि आता राफेल आपल्या हवाईदलात आली. म्हणजे ज्यांनी १९३४ मध्ये ते ठोकळे बनवले त्यांनीच वीस वर्षांत जेट बनवली, तेव्हा फ्रेंचांना विमान बनवता येत नव्हतं हे म्हणणं मला अजिबात पटत नाही. गाडं दुसरीकडेच अडलं होतं.

तुम्ही लिहिलेल्या लेओ ४५ ची सुरुवात कशी झाली? प्रोटोटाइप बनवायला कोण सांगतं आणि त्यात कंपनीचं नुकसान होत नाही का? – रत्नागिरी, पॉलिटेक्निकचा विद्यार्थी

सरकारचा तांत्रिक विभाग एक कागद काढतो, त्यात आम्हाला असं असं विमान हवं, वेग एवढा, पल्ला एवढा, माणसं एवढी. कंपन्या आपापली ड्रॉइंग देतात, ज्यांची पसंत पडतात ते नमुना बनवतात, मग तो सरकारी वैमानिक उडवून बघतात आणि मग ऑर्डर. नमुना पसंत नाही पडला तर कंपनीचा वेळ आणि माणसं अडकतात ती अडकतातच, म्हणून लहान कंपन्यांसाठी हा मोठा जुगार असायचा.

लेओ ४५ चा कागद निघाला १७ नोव्हेंबर १९३४ ला. मागणी होती पाच माणसांचं बॉम्बर, ४,००० मीटर उंचीवर ताशी ४०० किलोमीटर, आणि १,२०० किलो बॉम्ब घेऊन ९०० किलोमीटरवर जाऊन परत यायचं. आठव, तेव्हा हवाईदलात रुजू होणारं आमियो १४३ ताशी ३१० चं होतं, म्हणजे एकदम मोठी उडी मागितली होती. पुढे हजार हॉर्सपॉवरची इंजिनं येऊ घातली तेव्हा सप्टेंबर १९३६ मध्ये त्यांनी मागणीच बदलली, वेग ताशी ४७० केला आणि माणसं पाचाची चार केली. हे लक्षात ठेव, कारण ड्रॉइंग अर्ध्यावर असताना मागणी बदलली की सगळं पुन्हा मोजावं लागतं.

आमियो, लातेकोएर, लिओरे ए ऑलिव्हिए अशा बऱ्याच कंपन्या उतरल्या. लिओरे ए ऑलिव्हिए म्हणजेच आपलं लेओ. ही पॅरिसजवळच्या आर्जंतईची कंपनी, आधी दुपंखी लाकूड-कापडाच्या जमान्यातली, त्यांचं लेओ २० नावाचं रात्रीचं बॉम्बर ताशी जेमतेम २०० च्या घरात जायचं आणि ते बरीच वर्षं फ्रेंच हवाईदलाचा मुख्य बॉम्बर होतं. त्याच कंपनीत पिएर मेर्सिए नावाचा तरुण इंजिनिअर होता, त्याने नव्या पद्धतीने धातूच्या पंखाची रचना केली, पंखाच्या मुळाशी इतकी जागा मोकळी काढली की तिथे पण छोटे बॉम्ब बसायचे. सगळं अंग धातूचं, चाकं आत जाणारी, नाक काचेचं, बाहेरून एकदम गुळगुळीत. मला विचारशील तर युद्धाआधीच्या दोन इंजिनी विमानांत हे सगळ्यात देखणं, फोटो शोधून बघच.

१६ जानेवारी १९३७ ला जाँ दुमेर्क या टेस्ट पायलटने पहिला नमुना, म्हणजे लेओ ४५-०१, पॅरिसजवळच्या व्हिलाकुब्लेहून उडवला. वेग ताशी ४८० च्या घरात निघाला, आणि हलक्या सुरात खाली झेपावताना ६२४ पर्यंत गेला. त्याच वेळी फ्रेंच हवाईदलाचं देव्होआतीन ५१० हे फायटर विमान ताशी ४०० च्या आसपास होतं. बॉम्बर पुढे आणि स्वतःचंच फायटर मागे, असं चित्र होतं.

माझा हर्णेला ट्रॉलर आहे, मशीन तापलं की आमचा दिवस जातो. तुम्ही लिहिलंय त्या विमानाची इंजिनं तापायची. एवढ्या उंचीवर गार हवा असते, मग तापायची का? – हर्णे

दादा, प्रश्न अगदी बरोबर जागी लागलाय, या विमानाची निम्मी गोष्ट इथेच आहे. तुमच्या मशीनला समुद्राचं पाणी आहे, या इंजिनाला पाणीच नव्हतं. हे रेडियल इंजिन, म्हणजे सिलिंडर गोलात बसवलेले, सात पुढच्या रांगेत आणि सात मागच्या, एकूण चौदा, आणि गार व्हायचे ते फक्त समोरून येणाऱ्या वाऱ्याने. आता मागच्या रांगेला वारा मिळतो तो पुढच्या रांगेने आधीच तापवलेला, आणि तोही वाटेत अडून आलेला. प्रत्येक सिलिंडरवर पातळ पत्र्याच्या फिन असतात, वारा त्या फिनांच्या मधूनच गेला पाहिजे, बाजूने निसटला तर उपयोग शून्य, म्हणून आत पत्र्याचे आडोसे लावून वाऱ्याला वळवावं लागतं. उंचीवर हवा गार असते हे खरं पण ती विरळही असते, त्यामुळे गारव्याचा फायदा वाटतो तेवढा मिळत नाही, आणि जमिनीवर उभं असताना किंवा चढताना वेग कमी पण इंजिन पूर्ण जोरात, तेव्हा तर हालच.

बरं, वारा जास्त आत घ्यायचा तर तोंड मोठं ठेवावं लागतं, आणि तोंड मोठं ठेवलं की वाऱ्याचा अडथळा वाढून वेग पडतो. वेगासाठी तर सगळा खटाटोप. सगळीकडे तेव्हा अमेरिकन पद्धतीचं काऊलिंग असायचं, म्हणजे इंजिनाभोवतीचं गोल कव्हर, त्याच्या मागच्या कडेला उघडझाप होणाऱ्या झडपा, तापलं की झडपा उघडायच्या. मेर्सिएने वेगळं डोकं लावलं. त्याने कव्हर अगदी अंगाबरोबर, कमी घेराचं केलं आणि झडपा काढून टाकून पुढे, प्रोपेलरच्या बुंध्याभोवती एक कडं बसवलं, ते पुढे-मागे सरकायचं आणि त्याने आत जाणारा वारा कमी-जास्त व्हायचा. जुलै १९३८ मध्ये हे नवं काऊलिंग लावून नमुना ताशी ५०० ला पोचला. नुसत्या कव्हराच्या आकाराने वीसेक किलोमीटर मिळवले, हे मला आजही थोर वाटतं.

पण तरीही इंजिन काही सुधरेना. ते होतं हिस्पानो-सुईझा कंपनीचं, १४ एए, प्रत्येकी हजार हॉर्सपॉवरच्या वर ताकद, कागदावर उत्तम, पण भरवसा नाही. हिस्पानोची खरी हातोटी पाण्याने गार होणाऱ्या इंजिनांत, रेडियल हे त्यांचं मुख्य काम नव्हतं. शेवटी दीड वर्ष घालवून ते इंजिनच सोडून दिलं आणि ग्नोम-रोनचं १४ एन बसवलं, ऑक्टोबर १९३८ मध्ये नमुना नव्या इंजिनाने उडाला आणि त्याचं नाव झालं लेओ ४५१. म्हणजे पहिल्या उड्डाणापासून पावणेदोन वर्षं. इंजिन बदलणं म्हणजे नुसतं चार बोल्ट काढून दुसरं चढवणं नाही हे तुम्हाला सांगायला नको, माऊंटिंग बदलतं, तेलाच्या लाइनी बदलतात, वजनाचा तोल बदलतो, प्रोपेलर वेगळा लागतो.

आणि ग्नोम-रोनची इंजिनं काय धुतल्या तांदळासारखी होती असंही नाही, वर ब्लॉक २१० चं नाव आलं ना, त्याला त्यांचंच आधीचं १४ के बसवलेलं होतं, ते उन्हाळ्यात इतकं तापायचं की विमानं जमिनीवर बसवून इंजिनं बदलावी लागली होती. १९३० च्या दशकात फ्रान्सचं खरं दुखणं इंजिन हेच होतं असं माझं मत आहे. विमानाचं अंग बनवणारे दहा होते, हजार हॉर्सपॉवरचं भरवशाचं इंजिन देणारे दोनच, त्यामुळे फायटर असो बॉम्बर असो सगळे त्याच दोन दारांत रांग लावून उभे.

काका, माका एक इचारूचा आसा. तेच्या फोटोत दोन शेपट्ये दिसतत. दोन कित्याक? एक पुरना नाय काय? – मालवण

बाबा, पुरते की, पण मग मागची तोफ कुठे मारणार! विमानाच्या पाठीवर मागे तोंड करून २० मिलिमीटरची तोफ होती, आत-बाहेर होणाऱ्या बुरुजात. मध्यभागी उभी शेपटी असती तर नेमकी नेमाच्या आड आली असती. म्हणून आडव्या शेपटीच्या दोन टोकांना दोन उभे पंख, सुकाणू धरून, आणि ते बरेचसे खालच्या बाजूला लोंबणारे, म्हणजे गनरला मागचं आकाश मोकळं.

यामागे त्यांचा एक हिशोब होता. आपलं विमान इतकं वेगात जातंय की शत्रूच्या फायटरला बाजूने किंवा समोरून गाठायला जमणारच नाही, तो येणार तो मागूनच, पाठलाग करत, आणि पाठलागात तो बराच वेळ एका रेषेत राहणार, तेव्हा त्याला साध्या मशीनगनऐवजी तोफेने मारायचं. १९३४ च्या वेगांवर हिशोब चूक नव्हता. पण १९४० मध्ये समोर आलं मेसरश्मिट १०९, ताशी साडेपाचशेच्या वरचं, त्याला या बॉम्बरला गाठण्यात फारशी अडचण नव्हती. शिवाय तोफेच्या एका ड्रममध्ये गोळे ६०, तेवढे संपले की हलत्या विमानात, त्या अडचणीच्या बुरुजात उभं राहून जड ड्रम बदलायचा, तोपर्यंत तोफ मुकी. पोटाखाली आणखी एक बाहेर येणारी मशीनगन होती, ती वायरलेसवाला चालवायचा.

दोन शेपट्यांचा आणखी एक त्रास होता तोही सांगतो. हे विमान वेगात सुंदर उडायचं पण उड्डाण घेताना आणि उतरताना अवघड होतं, कमी वेगात सुकाणू नीट लागत नव्हतं. होडी धक्क्यावरून सोडताना वेग नसला की सुकाणू कितीही फिरवा, होडी वळत नाही, तुम्ही रोज बघता ते, तसंच. नवशिक्या वैमानिकाच्या हातात द्यायचं विमान हे नव्हे.

मी निवृत्त इतिहास शिक्षक. १९३६ मध्ये फ्रान्सच्या डाव्या सरकारने विमान कारखाने ताब्यात घेतले, त्यामुळेच उत्पादन बुडालं असं वाचलं आहे. आपलं मत काय? – चिपळूण

सर, नुसतं तेवढंच कारण मला मान्य नाही, पण त्याचा वाटा नाही असंही म्हणवत नाही.

ऑगस्ट १९३६ मध्ये कायदा झाला, हवाईमंत्री होते पिएर को. बऱ्याच खासगी कंपन्या मिळून भागांनुसार सहा सरकारी कंपन्या केल्या. लेओ गेली आग्नेय भागाच्या कंपनीत, तिच्यातच पोते कंपनीचा बेर गावातला कारखाना, रोमानो कंपनी वगैरे. हे झालं फेब्रुवारी १९३७ च्या सुमारास, आणि लेओ ४५ चं पहिलं उड्डाण जानेवारी १९३७ चं, म्हणजे नमुना उडाला आणि दोन आठवड्यांत घराचा मालक बदलला. ड्रॉइंग ऑफिस एका गावात, पत्रा दुसऱ्या गावात, जोडणी तिसरीकडे, कोण कोणाला विचारणार हेच ठरायला महिने गेले असणार, एवढं सांगायला कुठल्याही सरकारी खात्यात काम केलेल्या माणसाला पुरावा लागत नाही.

पण आधीची स्थिती काय होती ते बघा. पॅरिसच्या आसपास छोटे छोटे कारखाने, हाताने, कारागिराच्या कौशल्याने चार-दोन नमुने बनवणारे, सरकार पण सगळ्यांना थोडं थोडं काम देऊन सगळ्यांना जगवत होतं. अशा ठिकाणी महिन्याला शंभर विमानं निघणं अशक्यच होतं, मालक खासगी असो की सरकारी. नवी मशिनरी आली, मार्सेयजवळ मारिन्यान आणि पूर्वेला आंबेरियो इथे जोडणीच्या लाइनी उभ्या राहिल्या, त्या सरकारने पैसा ओतल्यावरच, आणि १९३९-४० मध्ये उत्पादन खरंच वाढलं ते त्यामुळेच.

माझा राग दुसऱ्या गोष्टीवर आहे. १९३७ च्या शेवटी या विमानाची पहिली ऑर्डर आली ती फक्त २० विमानांची. वीस! वीस विमानांसाठी कोण साचे बनवेल, कोण प्रेस घेईल? मोठा आकडा यायला मार्च १९३८ ची योजना यावी लागली, हवाईमंत्री गी ला शांब्र यांची, एकूण ४,७३९ विमानांची, आणि त्यातही आधी मान फायटर विमानांना, ते त्या वेळी योग्यच होतं. नमुना चांगला आहे हे कळल्यावर सव्वा वर्ष हातावर हात ठेवून बसणं हे मालकीच्या प्रश्नाशी जोडता येत नाही सर, तो निर्णय घेणाऱ्यांचा प्रश्न आहे. आमियो कंपनी तर शेवटपर्यंत खासगीच राहिली, आणि तिचं नवं बॉम्बर लेओपेक्षाही उशिरा आणि कमी आलं.

काका, फ्रेंचांनी जर्मनीला घाबरवायला एकच विमान दाखवलं होतं असं माझे बाबा म्हणतात. खरं का? – देवगड, इयत्ता आठवी

बाबांना माझा नमस्कार सांग, त्यांचं बरोबर आहे. ऑगस्ट १९३८ मध्ये फ्रेंच हवाईदलाचे प्रमुख जनरल व्हुईमाँ जर्मनीच्या भेटीला गेले ते आमियो ३४० मध्ये बसून. हे लेओ ४५ च्याच स्पर्धेतलं विमान, दिसायला तर आणखी सडपातळ. जर्मनांना वाटावं की अशी विमानं फ्रान्सकडे धडाधड तयार होतायत, पण खरं तर तो एकुलता एक नमुना होता, दुसरं विमानच नव्हतं! आणि जर्मनांनी काय केलं, त्यांनी जनरलना आपले कारखाने, विमानतळ, रांगेने उभी विमानं अशी काही दाखवली की ते हादरून परत आले आणि युद्ध झालं तर आपलं हवाईदल टिकणार नाही असं सरकारला सांगू लागले. महिन्याभराने म्युनिकचा करार झाला, तो तुला नववी-दहावीत येईल.

मी अफकॅटची (हवाईदलाच्या प्रवेशपरीक्षेची) तयारी करतेय. प्रत्यक्ष युद्धात लेओ ४५१ किती होती आणि कामगिरी कशी झाली? आकडे द्याल का? – वेंगुर्ले

देतो. कारखान्यातून पहिलं लेओ ४५१ बाहेर आलं मार्च १९३९ मध्ये. ३ सप्टेंबर १९३९, युद्ध जाहीर झालं तेव्हा हवाईदलाने रीतसर ताब्यात घेतलेली होती २२. १० मे १९४० ला जर्मन हल्ला सुरू झाला तोपर्यंत २२२ पोचली होती, पण लढाईला तयार होती ५४. हा शेवटचा आकडा नीट बघ ताई, दोनशे बावीसातली चौपन्न. विमान आहे पण प्रोपेलर नाही, प्रोपेलर आहे पण तोफ आली नाही, वायरलेस नाही, किंवा सगळं आहे पण वैमानिक अजून जुन्या ब्लॉक २१० वरून या वेगवान विमानावर शिकतोय. परीक्षेत कोणी विचारलं की हवाईदलाची ताकद कशी मोजायची तर कारखान्यातून निघालेली विमानं मोजू नकोस, आज सकाळी उडू शकणारी मोज.

पहिली लढाईची झेप ११ मे ला, मास्ट्रिख्टच्या बाजूला जर्मन रणगाड्यांच्या वाटेवर. विमान बनवलं होतं उंचावरून, वेगात जाऊन बॉम्ब टाकायला, आणि पाठवलं ते पूल आणि रस्त्यांवरच्या तुकड्या मारायला, अगदी खालून, जिथे जर्मन हलक्या तोफा वाटच बघत होत्या. फायटरचं संरक्षण अपुरं किंवा नाहीच. पहिल्या आठवड्यांत नुकसान फार झालं, पुढे ते जरा वरून उडायला लागले तेव्हा थोडं बरं झालं. जून १९४० मध्ये युद्धबंदी होईपर्यंत साधारण साडेचारशे बनली होती आणि १३० च्या आसपास लढाईत गेली. गोळ्या खाऊनही परत आणणारं मजबूत विमान म्हणून वैमानिकांनी त्याला नावं ठेवली नाहीत.

एक वेगळी गोष्ट पण सांगतो जी तुला मुलाखतीत उपयोगी पडेल. फ्रेंच पद्धतीत विमानाचा कमांडर पायलट नसायचा, पुढे काचेच्या नाकात बसणारा, वाट काढणारा आणि बॉम्ब टाकणारा अधिकारी हाच कमांडर, पायलट त्याच्या मागे. ही पहिल्या महायुद्धातल्या टेहळणी विमानांपासून आलेली सवय. पण हल्ला झाल्यावर क्षणात वळायचं असतं तेव्हा हुकूम एकाचा आणि हात दुसऱ्याचा, हे मला धोक्याचं वाटतं.

फ्रेंचांनी बर्लिनवर बॉम्ब टाकले होते का? – अलिबाग

हो, आणि ब्रिटिशांच्या आधी. ७ जून १९४० च्या रात्री, एका विमानाने, ज्यूल व्हर्न नावाच्या. फार्मां कंपनीचं २२३.४, चार इंजिनी, मुळात एअर फ्रान्सची टपाल घेऊन अटलांटिक पार करायला बनवलेलं, नौदलाने युद्धासाठी घेतलं. फार्मांची चार इंजिनं जोडी-जोडीने पाठीला पाठ लावलेली असायची, एक ओढणारं एक ढकलणारं. कॅप्टन दायिएर बोर्दोजवळून निघाला, उत्तर समुद्रावरून वळसा घालून डेन्मार्कच्या बाजूने बाल्टिकवर आणि तिथून उत्तरेकडून बर्लिनवर, जिकडून कोणी येईल अशी अपेक्षाच नव्हती, आणि बॉम्ब टाकून जर्मनीवरून सरळ पॅरिसला परत. नुकसान किरकोळ झालं, पण धाडस मोठं होतं. पंधरवड्यात फ्रान्सने शस्त्रं खाली ठेवली.

युद्धानंतर ही विमानं कुठे गेली? आणि माझ्या मुलीला याचं थर्माकोलचं मॉडेल करायचंय शाळेसाठी, मापं मिळतील का? – कुडाळ

काही व्हिशी सरकारच्या, म्हणजे जर्मनीपुढे शस्त्रं ठेवल्यावर उरलेल्या फ्रान्सच्या सरकारच्या, हवाईदलाने वापरली, १९४१ मध्ये सिरियात ती ब्रिटिशांविरुद्ध उडाली, म्हणजे कालचे मित्र. काही जर्मनांनी माल आणि इंधन वाहायला नेली, थोडी इटलीला गेली. युद्धानंतर जी उरली ती फ्रान्सने प्रवासी वाहतूक, नकाशांसाठी फोटो काढणं, नवी इंजिनं तपासणं अशा कामांना लावली आणि शेवटची १९५७ मध्ये निवृत्त झाली. ज्या वर्षी आपल्याकडे दासोची मिस्टेर आली, त्याच वर्षी.

मुलीसाठी मापं : पंखांची रुंदी २२.५२ मीटर, लांबी १७.१७ मीटर. एकास बहात्तर प्रमाणात केलं तर रुंदी ३१ सेंटीमीटर आणि लांबी पावणेचोवीस-चोवीस सेंटीमीटर येईल, शाळेत न्यायला सोपं. पावसाळ्यात आपल्याकडे फेव्हिकॉल सुकायला वेळ घेतो, घाई करू नका, आणि थर्माकोलवर स्प्रेचा रंग थेट मारू नका, तो थर्माकोल खातो, आधी कागद चिकटवून वर पोस्टर कलर द्या. वरून रंग हिरवा, तपकिरी आणि निळसर करडा असे पट्टे, खालून फिका निळसर करडा. सुकाणूंवर निळा-पांढरा-लाल, आणि पंखांवरच्या गोलात निळा आतमध्ये, लाल बाहेर, उलटं केलं तर ब्रिटिश विमान होईल. आडवी शेपटी सरळ ठेवू नका, टोकांकडे जरा वर चढती करा. उभे पंख आडव्या शेपटीच्या टोकांना लावा आणि जास्त भाग खाली येऊ द्या. इंजिनाची कव्हरं जाड करू नका, मेर्सिएने त्यावरच मेहनत घेतली होती, ती सडपातळ दिसली पाहिजेत.